आंघोळीच्या तांब्यातला बाप्तिस्मा

"आम्ही दोघंही देव मानत नाही. नवऱ्याच्या घरचे कॅथलिक, बाळाला बाप्तिस्मा द्या म्हणून मागे लागलेत. दिला तर आम्ही खोटे, नाही दिला तर दुष्ट. काय करावं?"

शब्द थोडे इकडेतिकडे, पण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी येतंच. मी कौटुंबिक समुपदेशनासाठी बोरिवलीत बसते. जवळ आयसी कॉलनी, खाडीपलीकडे गोराई-मनोरी, त्यामुळे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक लोकांची घरं माझ्या ओळखीची. कधी नवरा कॅथलिक आणि बायको हिंदू घरातली, तर कधी दोघंही एकाच पॅरिशमधली, म्हणजे एकाच चर्चच्या हद्दीतली, फक्त चर्चला जाणं कॉलेजात असतानाच सुटलेलं. यातल्या एका घराची गोष्ट सांगते. त्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नवरा गावठाणातला. लहानपणी मिस्सेला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, वेदीपाशी घंटी वाजवायचा, आता चर्चमध्ये फक्त लग्नाला आणि मयताला जातो. बायको डोंबिवलीची. तिचे वडील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात मुरलेले, घरात देव्हारा नाही. मुलगी नऊ महिन्यांची. पहिल्या दिवशी दोघं आली ती एकमेकांकडे न बघता बसली. मी विचारलं, "लग्न कुठे झालं?"

हा प्रश्न मी आधी विचारते, कारण त्यावर बरंच अवलंबून असतं. परवानगी काढून चर्चमध्ये लग्न केलं असेल, तर कॅथलिक जोडीदाराने एक वचन दिलेलं असतं, की मुलांना बाप्तिस्मा मिळावा आणि ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी मी होईल तेवढं करीन. घाईत सही केलेली असते आणि मूल होईपर्यंत ती कोणाच्या लक्षातही नसते. यांचं तसं नव्हतं. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस लावून नोंदणी झालेली. म्हणजे कोणी कोणाला काही कबूल केलेलं नव्हतं.

"मग अडलंय कुठे?" मी म्हटलं.

बायको म्हणाली, "अडलं नाहीये. झालाय."

सासू रोज बाळाला आंघोळ घालायची. न्हाणीघरात पाटावर बसून, पाय लांब करून, पोर पायांवर पालथी, तेल चोळून झालं की कोमट पाणी. सून कामावर रुजू झाल्यापासून हे ठरूनच गेलं होतं. मग एक दिवस सासू बाळाला भलत्याच नावाने हाक मारायला लागली. नवऱ्याच्या आजीचं नाव. सुनेला वाटलं, लाडाने म्हणत असतील. चार दिवसांनी सहज विचारलं, "ममी, हे नाव कुठून आलं?" सासूने लपवलं नाही. म्हणाली, "मी दिलं. तांब्याने तीनदा पाणी घातलं डोक्यावर, आणि जे बोलायचं ते बोलले. नऊ महिने झाले. अजून किती थांबायचं मी?"

सुनेने त्या दिवसापासून आंघोळीसाठी बाई लावली. दोन आठवडे सासू-सुनेत शब्द नाही. नवरा मध्ये, आणि त्याचं म्हणणं एवढंच की आईने चुकीचं केलं, पण पाण्याने कोणाचं काय बिघडतं?

तेव्हा बायको जे बोलली ते मी वहीत उतरवून ठेवलंय. "मॅडम, माझ्या मते तिथे आंघोळीशिवाय काहीच घडलेलं नाही. मग जे घडलंच नाही त्याचा मला एवढा राग का येतोय?"

मी उत्तर दिलं नाही. मला तेव्हा सुचलंही नव्हतं. पुढच्या वेळी ममींना घेऊन या, एवढंच म्हटलं.

ममी आल्या. सत्तरीच्या, फुलाफुलांचा गाऊन, हातात रोझरीची माळ नव्हती, होती बॉटल मसाल्याची बाटली, माझ्यासाठी. मी त्यांना आंटी म्हणू लागले आणि त्या मला मॅडम. त्यांनी तोंड उघडलं ते थेट बारशापासून.

बारसं डोंबिवलीला झालं होतं. सुनेचे वडील नको म्हणत होते, पण आईने ऐकलं नाही. पाळणा, झिरमिळ्या, घुगऱ्या, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या', सगळं साग्रसंगीत. आता नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे आंटींची मुलगी. ती बिचारी नवी साडी नेसून गेली, कुंकू लावून घेतलं, बाळाच्या कानात कुर्र केलं, पाठीवर बायकांचे धपाटे खाल्ले. "माझी पोरगी तुमच्या पाळण्याशी बसली," आंटी म्हणाल्या. "आम्ही काय बोललो? नाय ना बोललो? मग आमचंच पाणी कडू कसं?"

सून म्हणाली, "ममी, ते कौतुक होतं. त्यात धर्म नव्हता."

"गोविंद-गोपाळ कोण मग? तुमचे शेजारी?"

मला हसू आवरेना, आणि बरं झालं, कारण पाठोपाठ सूनही हसली. पण आंटींचा मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. स्वतःच्या घरचं ते 'आपलं सांस्कृतिक' आणि दुसऱ्याच्या घरचं ते 'धार्मिक', ही वाटणी मी भल्याभल्या नास्तिकांच्या तोंडून ऐकलीय. गणपतीला मोदक चालतात, ख्रिसमसचा केक चालतो, चर्चचं पाणी चालत नाही. माझ्या मुलाची मुंज मी सासूबाईंसाठी केली होती, तेव्हा मीही हीच वाटणी वापरली. त्याच्या लक्षात त्यातलं फक्त घड्याळ राहिलंय.

तरी या दोन गोष्टी एक नाहीत. बारशात तुम्हाला कोणी काही विचारत नाही. पाळणा हलवला, पेढा खाल्ला, संपलं. बाप्तिस्म्यात विचारतात. फादर दाराशीच आईवडिलांना विचारतात, मुलाचं नाव काय ठेवलंत, चर्चकडे काय मागताय. मग सांगतात, की तुम्ही या मुलाला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी घेताय, हे कळतंय ना? पुढे सैतानाचा त्याग करता का, देवावर, ख्रिस्तावर, पवित्र आत्म्यावर श्रद्धा आहे का, आणि दर वेळी आईवडिलांनी, गॉडपेरेंट्सनी चारचौघांत मोठ्याने उत्तर द्यायचं. त्यानंतर पाणी, टाळूला तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती. आल्यागेल्याच्या डोळ्यांत भरतं ते पाणी आणि फोटोत येतो तो फ्रॉक.

मी दोघांना एक काम दिलं. विधीची पुस्तिका आणा, रात्री बाळ झोपल्यावर ते प्रश्न एकमेकांना मोठ्याने विचारा आणि उत्तरं द्या. मनात वाचायचं नाही.

एक कबुली देते. सुरुवातीच्या वर्षांत मी असं काही करायला लावत नसे. 'चार थेंब पाणी, सासरचे खूश, करून टाका' असा सल्ला मी एका जोडप्याला दिला होता. सात-आठ वर्षांनी ते परत आले, जास्त भांडत. कारण बाप्तिस्मा एका दिवसाचा नसतो. त्याच्यामागे रविवारची कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षणाचा वर्ग येतो, मग पहिलं कम्युनियन, पुढे दृढीकरण, असे एकेक संस्कार. मुलगा विचारत होता, मला दर रविवारी पाठवता आणि तुम्ही घरी पेपर वाचत का बसता? तो सल्ला माझा होता, आणि चुकीचा होता.

तर हे दोघं पुस्तिका घेऊन बसले. सैतानाच्या प्रश्नाला दोघंही हसली म्हणे. श्रद्धेच्या प्रश्नांना नवऱ्याने लहानपणच्या सवयीने 'होय, होय' म्हटलं, सुरातच. अडला तो जबाबदारीच्या वाक्याशी. "तिथे माझा आवाजच निघेना," त्याने मला सांगितलं. "बाकी सगळं आकाशातलं होतं. हे रविवारी सकाळी साडेसातचं होतं." आणि मग, बऱ्याच वेळाने, बायकोकडे बघून म्हणाला, "आईने पाणी घातलं ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. माझ्यावरची जबाबदारी गेली असं वाटलं."

बायकोचा राग कशाचा होता ते त्या वाक्यात सापडलं. पाण्याचा नव्हताच. आपल्या मुलीबद्दल एक निर्णय आपल्या न्हाणीघरात, आपल्याला वगळून झाला, आणि नवरा आतून सुखावला, याचा होता. आंटींनी विचारून पाणी घातलं असतं तर तिने बहुधा 'नको' म्हटलं असतं आणि विसरून गेली असती.

आंटींची भीती वेगळी होती. त्या शाळेत असताना शिकवायचे, की बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल स्वर्गात जात नाही, लिंबो नावाच्या मधल्याच जागी राहतं. गावठाणात तशी मुलं दफनभूमीच्या कडेला पुरल्याचंही त्यांनी ऐकलेलं. खरं तर लिंबो हा चर्चचा पक्का सिद्धांत कधीच नव्हता, आणि 2007 साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने अशा मुलांच्या तारणाची आशा धरायला सबळ आधार आहे असं लिहूनही टाकलं. पण ते आंटींपर्यंत पोचवणार कोण? बाळाला एकदा ताप आला होता, एकशे तीनपर्यंत. त्या रात्रीच त्यांनी ठरवलं.

आणखी एक होतं. आंटींच्या जन्माचा त्यांच्यापाशी असलेला पुरावा म्हणजे चर्चच्या वहीतली एक ओळ. पासपोर्टसुद्धा त्याच दाखल्यावर निघाला. सासऱ्यांची ओळ तिथे, मुलाची तिथे. ज्याची ओळ वहीत नाही ते पोर आपलं कसं म्हणायचं, हे त्यांना खरोखर कळत नव्हतं. नातीचा महापालिकेचा जन्मदाखला मुलाने फोनवर काढून दाखवला, तर म्हणाल्या, "ही काय वही हाय?"

मीच त्यांना फादरकडे जायला सांगितलं, मुलासकट. नास्तिक जोडपी फादरना घाबरतात, उगाच. चर्चचा कायदाच सांगतो, की निदान एका पालकाची संमती हवी आणि मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी काही तरी रास्त आशा हवी. ती मुळीच नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलायचा. नाकारायचा नाही, पुढे ढकलायचा. मरणाच्या दारातलं मूल असेल तर कोणीही पाणी घालू शकतं, पण एकशे तीन ताप म्हणजे मरणाचं दार नव्हे, हे फादरनी आंटींना ऐकवलं. लिंबोचंही समजावलं. मुलाला म्हणाले, "खोटं हो म्हणण्यापेक्षा थांब. ती मोठी होऊन स्वतः आली तर दार उघडंच आहे." आणि आंटींना म्हणाले, "आधी सुनेशी बोला."

बाकीच्या शंका लोक विचारतातच, म्हणून घाईने सांगते. बाप्तिस्मा नसला म्हणून वारसाहक्काला धक्का लागत नाही. हिंदू-ख्रिस्ती जोडप्याचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर त्यांच्या आणि मुलांच्या मालमत्तेला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, मुलाच्या कपाळावर पाणी पडलेलं असो वा नसो. फॉर्मवर धर्म लिहायलाच हवा असंही नाही. सरकार कोणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली दिलाय. राहता राहिली शाळा. कॉन्व्हेंटमध्ये अल्पसंख्याक कोट्यातून जागा हवी असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, हे खरं. निव्वळ ज्युनिअर केजीच्या प्रवेशासाठी बाप्तिस्मा देणारे मी पाहिलेत. मला ते पटत नाही. श्रद्धेने देणाऱ्यांचं मला पटतं, न देणाऱ्यांचंही. हे मधलं नाही.

या घरात शेवटी काय ठरलं? चर्चमधला विधी नाही. आजी नातीला रविवारी मिस्सेला न्यायची तर नेईल, मेणबत्ती लावेल, गाणी शिकवेल. पणजीचं नाव ती घरात हाक मारायला वापरेल. कागदावर येणार नाही. आणि मुलीच्या बाबतीत जे काही करायचं ते आधी विचारून, दोन्हीकडच्या आज्यांनी. डोंबिवलीच्या आजीने जावळाचा बेत गुपचूप आखला होता, तोही यात उघडा पडला, तेव्हा आंटींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पहिला वाढदिवस गावठाणात झाला. मी गेले होते. अंगणात मांडव, मोठ्या कढईत फुगे, म्हणजे पिठाचे गोल वडे, तळत होते, आंटी स्वतः पीठ हातात घेऊन मुठीतून गोळे सोडत होत्या. सुनेचे वडील त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि फुगे का फुगतात यावर त्यांना काहीतरी समजावून सांगत होते. आंटी "हां, हां" म्हणत होत्या, लक्ष कढईत.

गेल्या महिन्यात सुनेचा फोन आला. दुसरं येतंय. मी अभिनंदन केलं, तब्येत विचारली, आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "मग, या वेळी काय ठरवलंय?"

"अजून काही नाही," ती म्हणाली. "फक्त आंघोळ मी घालणार."