बॅकअप रिकामा, तरी संदेश ‘यशस्वी’

प्रश्न : आमच्या चादर कारखान्यात रोज रात्री बॅश स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) काढून पाइपने, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट पुढच्या कमांडला देऊन, डेटा दाबून लहान करणाऱ्या जीझिपला देते. डंप फसला तरी ‘यशस्वी’ असाच संदेश येतो. असं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पाइपलाइनचा (पाइपने जोडलेल्या कमांडचा) एक्झिट स्टेटस, म्हणजे काम झालं की फसलं हे सांगणारा आकडा (० म्हणजे यश), शेवटच्या कमांडचा असतो. डंप फसला, पण जीझिपने मिळालं ते (म्हणजे काहीच नाही) इमानेइतबारे दाबलं आणि ० परत केला. फाइल जेमतेम २० बाइटची दिसली, तर हाच घोळ समजा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ओ पाइपफेल’ (set -o pipefail) लिहा. मग एकही कमांड फसली तरी अख्खी पाइपलाइन अपयशी ठरते. स्टेटस लगेच तपासा, मध्ये साधा ‘एको’ (मजकूर छापणारी कमांड) आला तरी आधीचा आकडा पुसला जातो. त्यापेक्षा पाइपलाइन सरळ ‘इफ’च्या अटीतच घाला. स्टेटस १२७ आला, तर कमांड सापडलेली नाही. ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, कमांडचा पूर्ण पत्ता द्या.