मुलाला नर्फ गन, म्हणजे फोमचे छोटे बाण (डार्ट) उडवणारी खेळण्यातली बंदूक, घेऊन द्यावी का? घरातली मोठी माणसंही तिच्या नादी लागतात म्हणे, खरं का?

खरंय, लागतात. मी त्यातलीच एक. तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा आहे, नवरा म्हणतो घेऊ आणि तुम्हाला वाटतंय हे खूळ घरभर पसरेल. घ्या बिनधास्त, पण पसरणार हे धरूनच घ्या.

आमच्याकडे पहिली आली ती लेकाच्या वाढदिवसाला, मामाकडून. एकच डार्ट बसणारी, जोल्ट नावाची छोटीशी. तो चार दिवस खेळला आणि परत क्रिकेटकडे वळला, मी मात्र तिला घेऊन बसले, कारण बॅटरी नाही काही नाही तरी डार्ट हॉल ओलांडून किचनच्या दारावर टप्पकन आपटतो कसा हेच कळेना. आत बघितलं तर सगळा सायकलच्या पंपासारखा मामला. दांडा ओढला की स्प्रिंग दबते, ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे धावतो आणि नळीतली हवा डार्टला मागून ढकलते, बास. लहानपणी दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल उडवायचो त्यात नुसता आवाज आणि वास, इथे नेम आहे, आणि तिपाईवर मांडलेली रिकामी काडेपेटी एका फटक्यात पडली की चाळिशीतली बाईसुद्धा उडी मारते.

पंखा आधी बंद करा हां. डार्ट म्हणजे नुसता फोम, वजन जेमतेम, वरून पंखा फिरत असला की शेवटच्या हातभर अंतरात तो अलगद खाली बसतो आणि आपण उगाच बंदुकीला नावं ठेवतो. बॉक्सवर २७ मीटर वगैरे लिहिलेलं असतं, टू बीएचकेत त्याचा उपयोग शून्य.

मोठ्यांनी खेळण्याचं म्हणाल तर यात लाजण्यासारखं काही नाही. नर्फची सुरुवात बंदुकीने झालीच नव्हती, १९७० च्या सुमारास पार्कर ब्रदर्स या अमेरिकन खेळणी कंपनीने घरात फेकला तरी काही फुटणार नाही असा फोमचा बॉल काढला, कल्पना रेन गायर यांची, ट्विस्टर खेळामागेही तेच. डार्टवाली बंदूक, शार्पशूटर, आली १९९२ मध्ये, म्हणजे तेव्हा तिच्याशी खेळलेली अमेरिकेतली पोरं आज स्वतः आईबाप आहेत. २००५ मध्ये तिथल्याच मेरीलँड राज्यातल्या गाऊचर कॉलेजात तर पोरांनी ‘ह्यूमन्स व्हर्सेस झॉम्बीज’ नावाचा कॅम्पसभर चालणारा खेळ सुरू केला, झॉम्बी अंगावर आला की फोमचा डार्ट मारून थोपवायचा. पुढे तो बऱ्याच कॉलेजांत पसरला.

आता खर्च. आपल्याकडे महाग पडते त्याचं एक कारण कस्टम ड्युटी, खेळण्यांवरची २० टक्क्यांची २०२० मध्ये ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. तुळशीबागेत किंवा जत्रेत स्वस्तातली मिळते, पण २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे तो बघून घ्या, मार्क नसेल तर मी तरी हात लावत नाही. आणि खरा खर्च डार्टचा बरं का. सोफ्याखाली जातात, पायाखाली चेपतात, चेपलेला डार्ट वाकडाच जातो. आमच्या सासूबाई केर काढताना सापडलेले डार्ट पदरात गोळा करून आणतात आणि वर विचारतात, ‘हे तुझे की त्याचे?’

मोटरवाली घेऊ नका असं माझं मत. तिच्यात दोन फिरती चाकं डार्टला चिमटीत पकडून भिरकावतात, घूंऽऽ असा आवाज, बॅटऱ्यांचा खुर्दा, आणि डार्ट जरा मऊ पडला की अडकला. स्प्रिंगवालीत बिघडण्यासारखं कमी असतं. ढिली वाटली तर पिस्टनच्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कडीला, थोडं सिलिकॉन ग्रीस लावायचं, खोबरेल किंवा व्हॅसलीन नाही. कडक स्प्रिंग टाकून स्पीड वाढवायचा मोह मलाही होतो, पोरगा झोपला की तेच व्हिडिओ बघत बसते, पण घरात लहान मूल आहे तोवर ती स्प्रिंग बसणार नाही.

कारण डोळा. २०१७ मध्ये लंडनच्या मूरफील्ड्स आय हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी अशा तीन केसेस छापल्या होत्या, डार्ट लागून डोळ्याच्या आत रक्तस्राव झालेल्या, आणि त्यात दोघं मोठी माणसं होती, एकच मूल, ११ वर्षांचं. म्हणून आमच्याकडे चष्म्याशिवाय बंदूक कपाटावरून खाली येत नाही, बाबांसाठीसुद्धा नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो साधा सेफ्टी गॉगल चालतो.

तर सहा डार्टच्या ड्रमवाली, स्प्रिंगची, आणि दोन घ्या, एक घेतली तर मुलगा आणि नवरा भांडत बसतील. गॉगल आणि जादाचे डार्ट त्याच ऑर्डरमध्ये टाका. तुमच्यासाठी तिसरी महिनाभराने मागवालच, तेव्हा विचारा, कुठली ते सांगते.