जीपचं जमलं, मग विमानाचं का नाही?

प्रश्न : आमच्या काकांनी जुन्या जीपला नवं इंजिन बसवलं आणि ती आणखी बारा वर्षं चालवली. विमानं मात्र वीस-पंचवीस वर्षांत मोडीत निघतात म्हणे. त्यांनाही नवं इंजिन का बसवत नाहीत?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काकांची अक्कल विमानालाही लागू पडली होती. एकदा तर झोकात.

डग्लस कंपनीचं चार इंजिनांचं डीसी-८ घ्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याची सुपर ६० मालिकेतली लांबुडकी विमानं अंगानं ठणठणीत होती, पण आवाज कानठळ्या बसवणारा, आणि अमेरिकेत आवाजाचे नियम आवळले जात होते. तेव्हा त्यांतल्या ११० विमानांना सीएफएम-५६ ही नवी, जाडजूड इंजिनं लावली. १९८२ पासून ती सुपर ७० म्हणून उडू लागली. आवाज बसला, इंधनही कमी लागू लागलं.

गंमत म्हणजे तोवर या इंजिनालाच गिऱ्हाईक मिळत नव्हतं; प्रकल्प गुंडाळायची वेळ आली होती. १९७९ मध्ये युनायटेड, डेल्टा आणि फ्लाइंग टायगर या अमेरिकी विमान कंपन्यांनी म्हाताऱ्या डीसी-८ साठी ते निवडलं म्हणून ते वाचलं. तुम्ही कधी बोइंग ७३७-८०० मध्ये बसला असाल, तर त्याच कुळातल्या इंजिनावर उडलात. १९६९ साली बांधलेलं असं एक डीसी-८ नासाकडे २०२४ पर्यंत प्रयोगशाळा म्हणून उडत होतं!

मग आज का नाही? जीपला ब्रॅकेट वेल्ड केलं की भागतं. विमानाला इंजिन लटकवायचे नवे पायलॉन लागतात, पंखांची थरथर नव्यानं तपासावी लागते आणि सगळ्याला नव्यानं मंजुरी घ्यावी लागते. त्यातून इंजिनांची किंमत अशी की जुन्या सांगाड्यावर ती घालणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. म्हणून हल्ली उलटं चालतं : चांगली इंजिनं उतरवून दुसऱ्या विमानाला देतात आणि धड भंगारात जातं.

धडाचं नशीब असेल तर ते मालवाहू होतं. डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला कापून मोठं दार काढतात. बोइंग ७५७ चं सुमारे ३.४ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच असतं. काकांची जीप सरळ आत जाईल. हवेच्या दाबानं प्रत्येक उड्डाणात फुगणाऱ्या नळकांड्याला एवढं भोक पाडायचं, तर आधी खालून टेकू द्यावे लागतात. अंग केसभर हललं तर दार बसणार नाही. मग कडेनं जाड पत्रा, नवी फ्रेम, आतल्या जमिनीखाली भक्कम तुळया, आणि माल सुटून पायलटच्या पाठीत येऊ नये म्हणून मधे अडसर.

मी हँगरमध्ये शीट मेटलचं काम करून निवृत्त झालो. विमानाचं वय मी कागदावर बघत नसे, टॉर्च घेऊन संडासाखाली आणि गॅलीखाली, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराखाली, शिरत असे. वर्षानुवर्षं झिरपलेल्या चहा-कॉफीनं आणि बाकीच्या पाण्यानं तिथल्या तुळया गंजून पांढरी भुकटी झालेल्या असतात. दुसरं वय फेऱ्यांचं, म्हणजे किती वेळा उडून उतरलं, किती वेळा अंग फुगून बसलं त्याचं. १९८८ मध्ये अमेरिकेच्या हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं छत उडत्या विमानावरून उखडलं, तेव्हा ते १९ वर्षांचं होतं, पण त्याच्या फेऱ्या झाल्या होत्या ८९,६८०. मालवाहू विमान रात्रीतून एक-दोन फेऱ्या मारतं, म्हणून म्हाताऱ्या अंगाला ते झेपतं. ते स्वस्तात मिळालेलं असतं, त्यामुळे दिवसभर उभं राहिलं तरी मालकाला परवडतं.

आपल्याकडची ब्लू डार्ट या कुरिअर कंपनीची ७५७ अशीच, आधी प्रवासी होती. कधी जवळून दिसलं तर बाजूला नीट बघा. खिडक्या पत्र्यानं बुजवलेल्या असतात, पण रंगाखालून त्यांच्या गोलसर कडा एका रांगेत अजून दिसतात.