दिवे घाट चढण्याआधी

फलटण,
ज्येष्ठ वद्य द्वितीया

चि. सौ. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री साडेअकराला आला. एवढ्या रात्री तू जागी होतीस याचाच मला आधी राग आला, मग वाचला: मधुमेह निघालाय, घरात सांगितलेलं नाही, सांगू कसं? फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो सिस्टर, हो सिस्टर" करतेस आणि मागे कुकरची शिट्टी झाली की उठतेस. पत्र कसं, दळणाच्या पिशवीत घालून ठेवता येतं, जमेल तेव्हा वाचता येतं.

वटपौर्णिमेला काउंटरवर तुझे हात थरथरायला लागले, घाम फुटला, नोटांचं एकच बंडल तीनदा मोजलं आणि तीनदा वेगळा आकडा आला. शिपाईमामांनी साखरेचा चहा दिला म्हणून सावरलीस. आणि संध्याकाळी सासूबाईंना सांगितलंस, "उपास छान झाला." या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटली असेल, तर त्या शेवटच्या वाक्याची. थरथर दहा मिनिटांत गेली. खोटं मात्र आता तुला दर एकादशीला बोलावं लागणार.

तुझ्या डिस्चार्जच्या कागदावर मीच लिहून दिलं होतं, आठवतं का? गरोदरपणात साखर वाढली होती, तर दीड महिन्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन रक्त तपासून घे. बाळंतपणानंतर साखर उतरली तरी अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. बाळाचाही दीड महिन्याचा डोस तेव्हाच होता. तो तू दिलास. बाळाचं एक इंजेक्शन चुकलं नाही, तुझी तपासणी तेवढी सहा वर्षं राहिली. रागावत नाही. मी ज्या वॉर्डात नोकरी केली तिथे बहुतेक जणींचं हेच होतं, आणि ज्यांचं नव्हतं त्यांची आई बरोबर आलेली असायची.

आता एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तपासणी, ८.४ आलीय. हा आकडा म्हणजे काल काय खाल्लं त्याचा हिशेब नव्हे, साधारण गेल्या तीन महिन्यांचा आहे. म्हणून तपासणीच्या आदल्या आठवड्यात भात सोडून डॉक्टरांना फसवता येत नाही. (मी स्वतः करून पाहिलंय. फसत नाहीत.)

दोन गोळ्या आहेत तुला. त्यातली मेटफॉर्मिन एकटी असली तर सहसा साखर एवढी खाली नेत नाही. दुसरी, ग्लिमेपिराइड, तिचं काम वेगळं. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. तू सकाळी सवयीने ती घेतलीस आणि दुपारी दोनपर्यंत पाण्यावर राहिलीस. मग हात थरथरणार नाहीत तर काय होईल? यात वडाचाही दोष नाही आणि तुझ्या श्रद्धेचाही. उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची, किती घ्यायची, कुठली टाळायची, हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारायचं असतं, एवढंच. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, तेही तितकंच वाईट. बहुतेक बायका डॉक्टरांना विचारतच नाहीत, कारण डॉक्टर "उपास कसले करता?" म्हणून हसतील अशी भीती असते. हसले तर हसू दे, पण उत्तर घेऊन ये.

पर्समध्ये साखरेची पुडी ठेव. घाम, धडधड, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, काही सुधरेनासं होणं, यातलं काही झालं की आधी बोट टोचून यंत्रावर साखर बघ. (बोटाच्या पेराच्या कडेला टोच, मध्यावर नको; मध्यावर दुखतं आणि तुला दिवसभर कीबोर्ड बडवायचाय.) ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पिऊन टाक, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघ. यंत्र हाताशी नसेल तर वाट बघत बसू नकोस, साखर घे. चॉकलेट, पेढा नको, त्यातलं तूप-दूध साखरेला रक्तात पोचायला उशीर करतं. आणि त्या वेळी उपास मोडला की नाही याचा विचार करत बसायचं नाही.

आता साबुदाणा. तू लिहिलंस की सासूबाई तुझी तब्येत बघून एकादशीला मुद्दाम वाटीभर जास्त खिचडी वाढतात. प्रेमाने वाढतात, मला ठाऊक आहे. पण शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर नुसता पिठूळ भाग असतो, प्रथिनं नावालाच. वर बटाटा, शेवटी चमचाभर साखर. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण काही उगाच पडलेली नाही. म्हणजे तू दुपारपर्यंत साखर पाताळात नेतेस आणि मग एका ताटलीने आभाळाला पोचवतेस.

गंमत सांगू? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची, चौघंही मूळचे अमेरिका खंडातले, दर्यापारचे. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळी यातलं काहीही इथे नव्हतं. आपल्याकडे साबुदाण्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या बाजूला आहेत, तिथून गोणी येते. तरीही आपण म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या उपासाला हेच चालत आलंय! हे सासूबाईंना ऐकवायला सांगत नाहीये हं. स्वयंपाकघरात असला वाद जिंकलेली सून मी अजून पाहिलेली नाही. तू फक्त रविवारी राजगिऱ्याचं पीठ आण आणि एकादशीला दोन भाकऱ्या थाप. राजगिरा उपासाला चालतो हे त्यांना मान्यच आहे. बरोबर दही, भोपळ्याची उपासाची भाजी, मूठभर दाणे. खिचडी त्यांच्या हातची दोन चमचे खा आणि छान झालीय म्हण. छान असतेच.

पण त्याआधी घरात सांगावं लागेल. सांगायचं कसं, असं तू विचारलंस. माझं काय झालं ते सांगते, आजवर तुला सांगितलेलं नाही.

मला मधुमेह एकेचाळिसाव्या वर्षी निघाला. सासूबाई माळकरी, चोवीस एकादशा, घरात संध्याकाळी हरिपाठ. मी दोन वर्षं लपवलं. का लपवलं? तर सून आजारी निघाली असं कुणी म्हणू नये. वॉर्डात दिवसाला दहा जणींना शिकवणारी मी घरी गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यात ठेवत होते. कार्तिकी एकादशीला ड्यूटी लांबली, पोटात सकाळचा बिनसाखरेचा चहा आणि ती गोळी. घरी आले, ओट्याशी रताळी किसायला उभी राहिले आणि खाली बसले ती उठताच येईना. काहीतरी बरळत होते म्हणे. सासूबाईंनी गुळाचा खडा तोंडात कोंबला. शुद्धीवर होते म्हणून बरं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, हे जाता जाता सांगून ठेवते.

सावरल्यावर मी रडत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बोलणार. त्या बराच वेळ किसणी धूत बसल्या. मग म्हणाल्या, "आधी सांगायचं होतंस. तुझी एकादशी मी माझ्यात धरली असती." आणि खरंच धरली. त्यानंतर सोळा वर्षं, त्या होत्या तोवर, एकादशीला सकाळी देवापुढे त्या म्हणायच्या, आज दोघींची. मी त्यांच्यासमोर बसून भाकरी खायची. अपराधी वाटायचं नाही असं नाही, पहिलं वर्षभर घास घशाखाली उतरत नव्हता. नंतर सवय झाली.

तुझ्या सासूबाई अशाच वागतील असं मी छातीठोक सांगत नाही. कदाचित चार दिवस गाल फुगवतील. कदाचित "आमच्या वेळी" सुरू होईल. ते ऐकून घे. पण सांगताना नवऱ्याला निरोप्या करू नकोस, तू स्वतः सांग, आणि जेवणं झाल्यावर सांग, स्वयंपाकाच्या घाईत नको. त्याच वेळी त्यांचंही बोट टोच. साठीच्या पुढच्या बाईची साखर कधीच बघितलेली नाही, हे मला पटत नाही.

नवऱ्याबद्दल तू लिहिलंस, "तसा मदत करतो." या 'मदती'चा मला जुना राग आहे. घर त्याचं, पोरगं त्याचं, मग मदत कसली? त्याला एकच काम दे, पण पूर्ण दे. सकाळचा पोराचा डबा. काय करायचं हे विचारायला तो तुझ्याकडे येणार नाही आणि तू झाकण उघडून बघणार नाहीस. पोळी जाड झाली तरी पोरगं मरत नाही. त्या वीस मिनिटांत तू बोट टोच, आकडा वहीत लिही, बसून न्याहारी कर. बसून म्हणतेय. ओट्याशी उभ्याने, कालची पोळी चहात बुडवून, ती न्याहारी नव्हे.

चालायला वेळ नाही म्हणतेस. संध्याकाळी सातला सासूबाईंचा हरिपाठ असतो आणि तुला त्यात बसावं लागतं, असंही म्हणतेस. हरिपाठाचे २७ अभंग आहेत, चालत म्हटले तर वीस-पंचवीस मिनिटं होतात. सोसायटीच्या गच्चीवर जा दोघी. टाळ त्यांच्या हातात राहू दे. चालत म्हटलेला चालतो का, असं त्यांनी विचारलं तर सांग, वारीत काय बसून म्हणतात? जेवण लवकर आटपून त्यानंतर गेलात तर साखरेला आणखी बरं.

आणि वारी. पालखी हडपसरला तुमच्या दारावरून जाते, सासूबाईंची इच्छा आहे की या वर्षी सुनेने सासवडपर्यंत चालावं. तुलाही जायचंय, तुझ्या शब्दांतूनच कळतं. जा. पण हे माहीत असू दे की पुणे-सासवड हा तीसेक किलोमीटरचा, वारीतला मोठा टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण, आणि बहुधा तो नेमका एकादशीलाच येतो. उपाशीपोटी, ती गोळी घेऊन, पहिल्यांदाच चालणाऱ्या बाईने तो पूर्ण करावा असं मी म्हणणार नाही. घाटाच्या पायथ्याशी वडकीपर्यंत गाडीने जा आणि घाट तेवढा चढ. माऊलींचा रथ घाटात वळणं घेत वर येताना बघितलास की बाकीचं चालणं राहिल्याची चुटपुट लागणार नाही. लागलीच, तर अरणच्या सावता माळ्यांची आठवण काढ. ते पंढरीला कधी गेलेच नाहीत म्हणतात, मळ्यातच राहिले, आणि आजही आषाढात विठोबाची पालखी पंढरपूरहून अरणला त्यांना भेटायला जाते.

अनवाणी मात्र अजिबात नाही. नवस असला तरी नाही. वारीनंतर आमच्या वॉर्डात एक काका आले होते, चपलेतून वर आलेला खिळा दोन दिवस तळव्यात रुतत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. जुन्या मधुमेहात पायाची जाणीव अशी बोथट होते. तुझी अजून शाबूत असेल, पण पाय बघायची सवय आत्तापासून लाव: रोज रात्री, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, खाली वाकवत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. नवे बूट त्या दिवशी घालू नकोस, आजपासून घालून घरात वावर, अजून नऊ दिवस आहेत. मोजे सुती घे आणि पांढरे घे. काळ्या मोज्यावर रक्त दिसत नाही.

पालखी फलटणला येईल तेव्हा मी विमानतळाच्या मैदानावर औषधांच्या टेबलाशी असेन, दरवर्षीसारखी. सासूबाई पुढे चालणार असतील तर त्यांना सांग, मला भेटून जा म्हणावं. त्यांची साखर तुला बघू दिली नाही तर मी बघते.

तुझी,
सिस्टर