आयोवातल्या शेतकरी पणजीचं माहेर कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की यजमानांची पणजी आयोवात शेतावर राहायची, १९३० च्या दशकात वारली, घरात तिचा एकच फोटो आहे आणि त्याच्या मागे ‘मिसेस हेन्री अमुक’ एवढंच. सासरे म्हणतात जर्मन होती, आत्येसासूबाई म्हणतात नॉर्वेजियन. माहेरचं आडनाव कुणालाच ठाऊक नाही, तर सुरुवात कुठून करायची?

मी आयोवातच राहते. माझं सासर इथल्या शेतकरी कुटुंबातलं, आणि गावातल्या ग्रंथालयात जुने कागद शोधायला येणाऱ्यांना मी मदत करते. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण बाईचं नाव टाकून शोधत बसतात आणि दमतात. तिचं नाव बाजूला ठेवा. तिचा नवरा, तिचे भाऊ, तिची मुलं आणि शेजारची शेतं, या सगळ्यांच्या कागदांत ती आहे. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांत सुनेचं माहेर एका ओळीत उरकलेलं असतं, पण निदान ती ओळ असते. इथे ती ओळ आपल्याला जुळवावी लागते.

तुमचं नशीब एका बाबतीत फार चांगलं आहे. बाई आयोवातली आहे आणि १९२५ साली हयात होती. केंद्र सरकारची जनगणना दर दहा वर्षांनी होते, पण आयोवा राज्य मधल्या काळात स्वतःची जनगणना घ्यायचं आणि १९२५ ची त्यातली शेवटची. तिच्यात प्रत्येक माणसाच्या नावापुढे वडिलांचं नाव, आईचं माहेरचं नाव, दोघांची जन्मस्थळं आणि त्यांचं लग्न कुठे झालं हे विचारलं होतं. प्रत्येकाच्या म्हणजे घरातल्या सुनेच्याही! केंद्राच्या जनगणनेत हे कधीच मिळत नाही, तिथे फार तर आईवडील कुठल्या राज्यात किंवा देशात जन्मले तेवढं कळतं. फॅमिलीसर्च ही साइट फुकट आहे, तिथे नवऱ्याच्या नावाने आणि काउंटीने (म्हणजे इथल्या जिल्ह्याने) शोधा. नुसत्या यादीवर थांबू नका, मूळ पानाचा फोटो उघडा, कारण एका कुटुंबाची माहिती पानाच्या रुंदीभर पसरलेली असते आणि यादी करणाऱ्याने त्यातलं सगळंच घेतलेलं नसतं.

त्याच्या आधीची १९१५ ची राज्य जनगणनाही बघा. तिच्यात दर माणशी एक कार्ड होतं. त्यावर शिक्षण किती झालं, घर स्वतःचं की भाड्याचं, कुठल्या चर्चची सभासद, हे सगळं तिच्या स्वतःच्या नावाखाली लिहिलेलं असतं. चर्चचं नाव तिथून उचला, ते पुढे फार उपयोगी पडेल.

मग केंद्राची १९०० ची जनगणना. त्या तक्त्यात जन्माचा महिना आणि साल आहे, लग्नाला किती वर्षं झाली ते आहे, आणि बायकांसाठी दोन खास रकाने आहेत: किती मुलांची आई आणि त्यांतली हयात किती. १९१० मध्येही ते दोन रकाने आहेत. माझ्या सासूबाईंच्या आजीच्या ओळीत ‘सात’ आणि पुढे ‘चार’ असे दोन आकडे होते. घरात कुणी कधी त्या तिघांचं नाव काढलं नव्हतं. चर्चच्या दफनाच्या नोंदीत दोन बाळं सापडली, एकाच हिवाळ्यात काही दिवसांच्या अंतराने गेलेली. आकड्यांची ती ओळ वाचून मी पान मिटू शकले नाही. तुम्हीही ते रकाने घाईत ओलांडू नका. १८९० ची जनगणना मात्र शोधू नका. तिचे बहुतेक सगळे कागद १९२१ साली वॉशिंग्टनमधल्या आगीच्या तडाख्यात सापडले आणि जे उरले तेही नंतर नष्ट केले गेले. म्हणून तर १८८५ आणि १८९५ च्या राज्य जनगणनांना एवढी किंमत.

आता जर्मन की नॉर्वेजियन. घरातले दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतील. आयोवात श्लेस्विग-होल्स्टाइनहून खूप लोक आले, डेव्हनपोर्टच्या आसपास तर फारच. तो मुलूख १८६४ च्या युद्धापर्यंत डेन्मार्कच्या राजाकडे होता, मग प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला. त्यामुळे एकाच बाईचं जन्मस्थळ एका जनगणनेत डेन्मार्क, दुसरीत प्रशिया, तिसरीत जर्मनी असं दिसतं, आणि पुढच्या पिढीला ती ‘तिकडची, उत्तरेकडची कुणीतरी’ एवढंच आठवतं. दुसरं कारण जास्त दुखरं आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन असणं इथे धोक्याचं झालं. मे १९१८ मध्ये आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं की शाळेत, चर्चमध्ये, रस्त्यावर, आगगाडीत, अगदी टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीच बोलायचं. त्यानंतर कित्येक घरांनी जर्मन बोलणं सोडलं, आणि मुलांना आपलं मूळ सांगणंही सोडलं. तेव्हा कुणी ‘आम्ही नॉर्वेजियन’ म्हणत असेल तर कागद बघेपर्यंत ते पक्कं धरू नका.

याचा निकाल चर्चच्या वहीत लागतो. तिच्या मुलांचे बाप्तिस्मे शोधा. जर्मन ल्युथरन किंवा कॅथलिक वहीत आईच्या नावापुढे तिचं माहेरचं आडनाव बहुधा असतंच. नॉर्वेजियन वहीत ती लग्नानंतरही बापाच्या नावानेच येऊ शकते, म्हणजे ओले नावाच्या माणसाची मुलगी ती ओल्सडाटर. नवऱ्याच्या आडनावाने शोधलं तर अशी बाई हाताला लागणारच नाही. बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावं उतरवून घ्या. मामा, मावश्या, आजोळचे शेजारी तिथे उभे राहिलेले असतात. वही कुठे आहे हे विचारायला चर्चला फोन करा. चर्च बंद झालं असेल तर त्या पंथाच्या अर्काइव्हकडे विचारा. जुनं जर्मन हस्ताक्षर वाचता येत नाही म्हणून घाबरू नका, नावं आणि तारखा ओळखायला आठवडाभराच्या सरावाने येतं.

सगळ्यांत कमी उघडला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यांत बोलका कागद म्हणजे जमिनीचा. काउंटी रेकॉर्डरच्या कचेरीत खरेदीखतांच्या वह्या आणि त्यांच्या सूची असतात. नवऱ्याने जमीन विकली की बायकोलाही आपला हक्क सोडावा लागे, म्हणून खतात तिचं स्वतःचं नाव येतं, ‘मिसेस हेन्री’ नाही. पण तुम्हाला हवं आहे ते दुसरंच खत. तिचे वडील वारल्यावर सगळ्या भावंडांनी मिळून शेत विकलं असेल किंवा एकाच भावाच्या नावे करून दिलं असेल, तर त्या एका खतात सगळी भावंडं, त्यांचे नवरे-बायका आणि कोण कुठल्या काउंटीत राहतं हे ओळीने लिहिलेलं असतं. सूचीत हेन्रीचं नाव विकणाऱ्यांच्या बाजूला बघा. त्याने कधीच विकत न घेतलेली जमीन तो विकताना दिसला, तर ती बहुतेक बायकोच्या माहेरची. वहीतली सही मात्र तिची नसते, ती कारकुनाने उतरवलेली नक्कल असते. तिने सहीऐवजी फुली मारली असेल तर कारकून तेही नोंदवतो. मूळ खत एखाद्या चुलत घरातल्या पेटीत असू शकतं, विचारून ठेवा.

वडिलांचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राचं आणि वाटणीचं प्रकरण, काउंटीच्या कोर्टहाऊसमध्ये. त्यात मुली सासरच्या नावाने येतात. आता तुम्ही म्हणाल, १९२५ च्या पानावर वडिलांचं नाव सापडलं नाही तर त्यांचं मृत्युपत्र कसं शोधणार? इथे शेजारी कामाला येतात. घोड्यावरून आणि बग्गीतून फिरायच्या काळात लग्नं बहुधा जवळपासच जमायची. इथली जमीन चौकटीत मोजलेली आहे. सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा. जुन्या प्लॅट नकाशांवर प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव छापलेलं असतं. आयोवाचा १८७५ चा अँड्रियासचा ॲटलासही ऑनलाइन बघता येतो. हेन्रीच्या बापाचं शेत शोधा आणि भोवतालच्या टाउनशिपमधली नावं लिहून काढा. मग लग्नाआधीच्या जनगणनेत त्या घरांमध्ये तिच्या नावाची आणि वयाची मुलगी आहे का ते बघा. काम किचकट आहे, पण मी अनेक माहेरं अशीच सापडताना पाहिली आहेत.

लग्नाची नोंदही त्याच काउंटीत असेल, कारण आयोवात काउंटी स्थापन झाल्यापासून लग्नं नोंदली जात. जन्म-मृत्यूची नोंद मात्र १८८० पासूनची, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं अर्धवट. तिच्या मृत्यूचा दाखला मिळवा, पण त्यावरचं आईचं नाव जपून घ्या. ते सांगणारा मुलगा किंवा जावई असतो, आणि आईच्या आईला त्याने कधी पाहिलेलंही नसतं.

तिच्या स्वतःच्या नागरिकत्वाच्या कागदांत वेळ घालवू नका. १९२२ च्या केबल कायद्यापर्यंत बायको नवऱ्याबरोबरच नागरिक व्हायची, तिचा वेगळा अर्ज क्वचितच असतो. नवऱ्याचा किंवा बापाचा अर्ज मात्र बघा. तिचा भाऊ किंवा लग्नाआधी ती स्वतः नेब्रास्का-डकोटाकडे गेली असेल तर होमस्टेडची, म्हणजे सरकारकडून वसवायला मिळालेल्या जमिनीची, फाइल नॅशनल अर्काइव्ह्जकडून मागवा. १८६२ च्या त्या कायद्याने २१ वर्षांवरच्या अविवाहित बाईलाही १६० एकरांवर दावा सांगता येत होता, आणि फाइलमध्ये साक्षीदारांच्या जबान्या असतात: घर केवढं, विहीर खणली का, किती एकर नांगरले.

वर्तमानपत्रांत शोधताना तिचं नाव नको, ‘मिसेस हेन्री’च टाका. काँग्रेस ग्रंथालयाच्या क्रॉनिकलिंग अमेरिकेवर गावोगावची साप्ताहिकं आहेत, आणि त्यांत कोण कुणाकडे रविवारी जेवायला गेलं हेसुद्धा छापलेलं असतं. ‘मिसेस हेन्री अमुक आजारी भावाला भेटायला गेल्या’ अशी एक ओळ मिळाली की भावाचं आडनाव मिळालं. नॉर्वेजियन निघाली तर आयोवातल्याच डेकोराहून १८७४ ते १९७२ निघत असलेलं नॉर्वेजियन वर्तमानपत्र ‘डेकोरा-पोस्टेन’ आहे, आणि पुढच्या मदतीला मॅडिसनचं नॉर्वेजियन अमेरिकन जिनिऑलॉजिकल सेंटर. नॉर्वेची चर्चची दप्तरं डिजिटालआर्किवेट या साइटवर फुकट आहेत, फक्त गावाचं, पॅरिशचं (म्हणजे चर्चच्या हद्दीचं) नाव हातात असल्याशिवाय तिथे जाऊ नका. एका नावाच्या शेकडो मुली निघतील.

लोकांनी ऑनलाइन टाकलेल्या वंशावळी बघा, पण त्यातलं काहीही तुमच्या वहीत उतरवण्याआधी मूळ कागद मागा. तिथे एकाची चूक पन्नास जणांनी उचललेली असते.

एक आग्रहाने सांगते. आत्येसासूबाईंना आधी बोलतं करा. फोटो दाखवा, घरात नाताळला काय शिजायचं, आजी कुठल्या भाषेत प्रार्थना म्हणायची, कुठल्या गावाहून पत्रं यायची ते विचारा, आणि परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. चर्चच्या बायकांनी छापलेलं जुनं पाककृतींचं पुस्तक किंवा नावं भरतकामात काढलेली गोधडी घरात असेल तर ती नावंही लिहून घ्या, त्यांत तिच्या बहिणी असू शकतात. आयोवा विद्यापीठात १९९२ पासून आयोवा विमेन्स अर्काइव्ह्ज आहे, तिथे शेतावरच्या बायकांच्या रोजनिश्या आणि पत्रं जपलेली आहेत. तुमची पणजी तिथे नसली तरी तिच्या शेजारच्या गावातली कुणी असेल, आणि तिचा दिवस कसा जात असेल हे तिथून कळतं.

काउंटी कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते आणि १९२५ च्या पानावर तिच्या आईचं नाव आणि जन्मस्थळ काय निघतं ते खाली लिहा. तेवढं मिळालं की पुढे कुठल्या चर्चला आधी विचारायचं ते सांगते.