आधी भरतीची वेळ लिही

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. मुंबईच्या खाड्यांमधल्या कोपेपॉडांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या कोळंबीच्या कुळातल्या बारीक प्राण्यांवर, प्रदूषणाचा काय परिणाम होतो, हे शोधायचं तू ठरवलंस याचा मला खरोखर आनंद झाला. पण नमुने घेण्याच्या रकान्यात 'महिन्यातून एकदा, सकाळी सात ते नऊ' एवढंच आहे. भरती-ओहोटीचा उल्लेख सबंध आराखड्यात नाही. बाकीच्या गोष्टी सावकाश बोलू, ही मात्र आत्ताच सुधारायला हवी.

मुंबईला उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या, दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त फरक पडतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो बराच कमी असतो. माहीम खाडीच्या तोंडाशी तू एकाच जागी होडी नांगरून बसलीस, तरी सहा तासांत जाळ्यातून निराळंच पाणी जायला लागतं. भरतीला बाहेरच्या समुद्राचं, ओहोटीला मिठी नदीचं आणि सांडपाण्याचं. प्राणीही त्या पाण्याबरोबर येतात-जातात. भरतीला बहुधा पॅराकॅलॅनस, टेमोरा यांसारखे किनाऱ्याबाहेरचे कोपेपॉड जास्त मिळतील, ओहोटीला खारेपणातले चढउतार सोसणारे अकार्शिया आणि ऑयथोना. एका महिन्यात भरतीला आणि पुढच्या महिन्यात ओहोटीला जाळं टाकलंस, तर ऋतू बदलल्याचा भास होईल. प्रत्यक्षात फक्त पाणी बदललेलं असेल.

याच्याही पुढची एक अडचण आहे आणि ती खास आपल्या किनाऱ्याची आहे. कोळीवाड्यातली जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपार आणि मध्यरात्र. हिशोब ढोबळ आहे, पण वर्षानुवर्षं उपयोगी पडत आलेला आहे. आता त्यातून काय निघतं ते बघ. मुंबईला उधाणाची मोठी भरती नेहमी भर दुपारी किंवा मध्यरात्रीच येते, आणि मोठी ओहोटी नेहमी सकाळ-संध्याकाळ. इकडे कोपेपॉडांची स्वतःची दिनचर्या असते. बऱ्याच जाती दिवसा खाली राहतात आणि अंधार पडला की वर येतात. स्यूडोडायप्टोमससारखे काही तर दिवसा जवळजवळ तळालाच असतात. म्हणजे उधाणाच्या दिवशी दुपारी आणि संध्याकाळी नमुने घेऊन तू 'भरतीला कमी, ओहोटीला जास्त' असं लिहिलंस, तर तो फरक भरतीचा की उजेडाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. अष्टमीला हे गणित नेमकं उलटं होतं. म्हणून प्रत्येक ऋतूत निदान दोनदा, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, सलग चोवीस तास दर तीन तासांनी नमुने घे. दमछाक होईल, झोप मोडेल, होडीचा खर्च वाढेल. पण एवढं केल्याशिवाय महिन्याच्या नमुन्यांना अर्थ लावता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जागा कमी करायच्या तर कर. चार खाड्यांऐवजी एकच घेतलीस तरी चालेल.

जाळ्याबद्दल. आराखड्यात २०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भोकांचं जाळं आहे. ते ठेव, कारण इतरांच्या आकड्यांशी तुलना करता येते. पण कोपेपॉड अंड्यातून निघाल्यावर आधी सहा नॉप्लियस (अगदी बारीक पिल्लं) आणि मग पाच कोपेपोडाइट (थोडी वाढलेली पिल्लं) अवस्थांतून जाऊन मग प्रौढ होतो. नॉप्लियस या जाळ्यातून सरळ निसटतात आणि ऑयथोनाचे प्रौढही पुष्कळ निसटतात, कारण ते अंगाने फार सडपातळ. आणि माशांच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांचं पहिलं अन्न बहुतेक वेळा हे नॉप्लियसच असतात! बांगडा-तारली मोठेपणीही कोपेपॉड खातातच, पण त्यांची पिल्लं जगतात की नाही हे बरंचसं या बारीक जिवांवर ठरतं. म्हणून त्यांना मोजायलाच हवं. बारीक जाळं आपल्या गढूळ खाडीत गाळाने लगेच तुंबतं, तेव्हा ते ओढू नकोस. ठरावीक लिटर पाणी बादलीने घेऊन ६० मायक्रॉनच्या आसपासच्या चाळणीतून गाळ. मोठ्या जाळ्याच्या तोंडाशी फ्लोमीटर, म्हणजे आत गेलेलं पाणी मोजणारं यंत्र, हवाच. किती पाणी गाळलं हे माहीत नसलेला आकडा मी मान्य करणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी प्रदूषणाच्या अभ्यासात फार वेळा राहून जाते. नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये जिवंत आलेला आणि मरून आलेला कोपेपॉड सारखेच दिसतात. भरतीबरोबर खाडीच्या आतल्या, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात ढकलले गेलेले प्राणी तिथे मरत असतील, तरी तुझ्या तक्त्यात ते 'आढळले' म्हणून येतील. त्यासाठी फॉर्मॅलिन घालण्याआधी नमुन्याचा एक भाग न्यूट्रल रेड या रंगात थोडा वेळ ठेव. जिवंत प्राणी रंग घेतात, मेलेले घेत नाहीत. हे ताबडतोब होडीवरच करायचं, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत थांबायचं नाही. माझ्या मते तुझ्या विषयाचा गाभा इथे आहे. किती जाती सापडल्या यापेक्षा कुठल्या जाती कुठवर जिवंत राहतात, हे या शहराला कळायला हवं.

जाती ओळखण्याचं काम दुसऱ्याकडे देऊ नकोस. डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएवरून जात ओळखणं, जरूर शीक, पण जात ज्यावरून ओळखतात त्या पाचव्या पायाचं विच्छेदन स्वतःच्या हाताने कर. नर-मादी वेगळे मोज, अवस्था वेगळ्या मोज. अंड्यांच्या पिशव्या घेऊन फिरणाऱ्या माद्या दिसल्या तर त्यांचीही नोंद ठेव. सुरुवातीला एका नमुन्याला दिवस जाईल. जाऊ दे. सूक्ष्मदर्शकाखाली अकार्शियाची ती लांब स्पर्शिका पहिल्यांदा नीट दिसते, तेव्हाचा आनंद मला अजूनही होतो, आणि तो तुलाही मिळावा असं वाटतं.

तू विचारलंस की खाडी सोडून खुल्या समुद्रावर काम करावं का. तिथले प्रश्न मोठे आहेत हे खरंच. १९६०च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत जमलेल्या प्राणीप्लवकांच्या (पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक प्राण्यांच्या) नमुन्यांची छाननी कोचीत झाली आणि त्यातून आपल्याकडे प्लवक-अभ्यासकांची एक पिढी घडली. पुढे समुद्रशास्त्रज्ञ एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये दाखवलं की हिवाळ्यातल्या कोरड्या, गार वाऱ्यांनी ईशान्य अरबी समुद्राचा वरचा थर थंड होऊन खाली बसतो, पोषकद्रव्यं वर येतात आणि तिथे उत्पादकता वाढते. पण त्या कामाला जहाज लागतं, आणि जहाज वर्षातून एखाद्या वेळी मिळतं. खाडीवर तू दर पंधरवड्याला जाऊ शकतेस. सध्या खाडीच धर.

फक्त जून-जुलैचा विचार आत्तापासून कर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, बहुतेक होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि नेमके त्याच महिन्यांत गोड्या पाण्याने खाडीचं सगळं चित्र पालटतं. तुझ्या तक्त्यात तिथे खड्डा पडता कामा नये. मे संपायच्या आत वल्ह्याची लहान होडी असलेल्या एखाद्या कोळी कुटुंबाशी बोलून ठेव, पाऊस आणि वारा बघून कधी निघायचं नाही हे त्यांनाच ठरवू दे, आणि त्यांच्या दिवसाची मजुरी खर्चाच्या अंदाजात आधीच लिही.