गाठ साधी, जागा अवघड

"कॅन्सर नाही म्हणतात, मग काढायला कशाला सांगतात? म्हणजे काहीतरी लपवतायत ना मॅडम?"

फोंड्याला माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांपैकी इतक्या जणांनी हा प्रश्न विचारलाय की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. गाठ कुणाला तळपायात, कुणाला काखेत, एका मुलीला छातीत, एका काकांना तर अशा जागी की चार वाक्यं झाली तरी ते जागेचं नावच घेईनात. रिपोर्ट मात्र सगळ्यांचा एकाच जातीचा, नसेच्या आवरणातली साधी गाठ, श्वानोमा किंवा न्यूरोफायब्रोमा.

सांगते ती गोष्ट एका कंडक्टरदादांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) डिचोलीकडचे, पंचेचाळिशीचे, गळ्यात तुळशीची माळ, भजनाला नेमाने जाणारे. जिभेच्या कडेला दीडेक सेंटिमीटरची गाठ, दुखत नाही, हळूहळू वाढलेली. तुकडा तपासला, श्वानोमा निघाला, डॉक्टरांनी पूर्ण काढून टाकूया म्हटलं आणि दादांनी तारीख पुढे ढकलली, मग परत ढकलली. बायकोने कंटाळून माझ्याकडे आणलं.

पहिल्यांदा आले तेव्हा बोलता बोलता दर दोन मिनिटांनी गाठ दातांवर घासून बघत होते. घरी मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघणं वेगळंच. म्हणाले, "सगळ्या जगात जिभेवर मलाच झाली."

आता मी काही डॉक्टर नाही, पण रिपोर्ट समजून घेतल्याशिवाय मी पेशंटशी बोलत नाही, हा माझा नियम. नसांवर 'श्वान' (Schwann) नावाच्या पेशींचं आवरण असतं, त्यातलीच एखादी पेशी वाढत सुटते आणि गाठ होते. मेंदू-मणक्याबाहेर जिथे म्हणून नस आहे तिथे ही होऊ शकते, पोटात, आतड्यात, तळहातात, कुठेही. उलट २५ ते ४५ टक्के श्वानोमा डोकं आणि मानेच्या भागातच सापडतात आणि तोंडाच्या आत झाला तर जीभ ही त्याची नेहमीची जागा. वेरोके नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९१० साली या गाठींचं वर्णन केलंय, म्हणजे आजार नवा नाही, डॉक्टर अंधारात चाचपडत नाहीयेत.

दादा ऐकून घेत होते, मग एकदम म्हणाले, "म्हणजे बस काय फक्त हायवेवर बंद पडते असं नाही, वाड्याच्या आतल्या फाट्यावरही पडते."

मी म्हटलं अगदी तस्संच! मला वाटलं काम झालं. पण पुढच्या खेपेला तारीख विचारली तर परत "बघूया".

आता इथे बरेच जण आणखी माहिती देत बसतात, आकडे, व्हिडिओ, "पॉझिटिव्ह विचार करा". माझा त्यावर फार विश्वास नाही. माणूस कशाला घाबरतो यापेक्षा कुणासमोर घाबरतो हे विचारलं की गाडी पुढे सरकते, हे मी इतक्या वर्षांत शिकलेय. म्हणून विचारलं, "दादा, ऑपरेशन समजा उद्या आहे. आज संध्याकाळी सगळ्यात अवघड काम कुठलं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "रजेचा अर्ज."

"अर्जाचं काय?"

"कारण लिहायला लागतं. जिभेचं ऑपरेशन लिहिलं की डेपोत सगळे म्हणणार, बघ, माळ घालून गुटखा खात होता. शेजारी विचारूनच गेला, किदें जालें रे तुका, सुपारी सोड आता. आणि हिने माझी बॅग तपासली मॅडम. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा."

वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी नाही म्हटलं नाही. "तपासली," म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही लपवताय म्हणूनच डॉक्टरकडे जात नाही." आणि दोघंही रडायला लागले.

मी मध्ये काही बोलले नाही, पाण्याची बाटली पुढे सरकवली फक्त. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात ना, इथे तर अख्खा डेपोच वैद्य होता! मरणाची भीती या माणसाला फारशी नव्हतीच, भीती होती ती नावाला बट्टा लागायची. छातीतल्या गाठीची ती मुलगी आणि ते काका, त्यांचं कुलूपही शेवटी याच किल्लीने उघडलं.

मग मुद्द्याचं बोललो. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे शंभर टक्के खरं, पण तो आजार वेगळा, श्वानोमा वेगळा, याचा तंबाखूशी संबंध दिसत नाही. बहुतेक वेळा एका पेशीत आपसूक बिघाड होतो, पेशंटने काही केलेलं नसतं. आणि काढायची का, तर ती हळूहळू वाढते, बोलायला-गिळायला अडचण करते, आणि अख्खी गाठ मायक्रोस्कोपखाली गेली की निदान पक्कं होतं. श्वानोमाला स्वतःचं वेष्टन असतं म्हणून बऱ्याचदा नस राखून काढता येते, पूर्ण निघाली तर सहसा परत येत नाही. काही दिवस बधिरपणा किंवा मुंग्या येऊ शकतात हेही सांगितलं, कारण लपवलं तर परत पहिल्या प्रश्नावर येतो आपण. न्यूरोफायब्रोमा मात्र नसेत मिसळलेला असतो, त्याचं गणित वेगळं, ते सर्जनलाच विचारा.

बांबोळीला सरकारी हॉस्पिटलात जा नाहीतर प्रायव्हेटमध्ये, प्रश्न कागदावर लिहून न्या, ओपीडीच्या गर्दीत आठवत नाहीत. गाठ एकच की अनेक, अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग आहेत का, घरात आणखी कुणाला अशा गाठी आहेत का, ऐकू कमी येतं का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण कधीकधी यामागे आनुवंशिक आजार असतो. गाठ अचानक भराभर वाढली, दुखायला लागली, तर वाट बघू नका. आणि तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल तर "माझीही साधीच असेल" म्हणून हे वाचून घरी बसू नका, कृपा करून.

दादांबरोबर एक सेशन फक्त एका वाक्यावर गेलं. "नसेवर साधी गाठ होती, काढली, कॅन्सर नाही, तंबाखूचा संबंध नाही." सुरुवातीला पुटपुटले, मग वहिनींसमोर म्हटलं, मग मी मुद्दाम खवचट शेजारी झाले तेव्हाही म्हटलं. अर्जातही तेच लिहिलं.

ऑपरेशन झालं, पूर्ण गाठीचा रिपोर्टही श्वानोमाच आला. जिभेच्या कडेला काही आठवडे मुंग्या होत्या, मग गेल्या. ड्युटीवर परतले त्या दिवशी डेपोत वाक्य म्हणून झालं, कुणी हसलं नाही, वर एका ड्रायव्हरने बाही वर करून दंडावरची गाठ पुढे केली, "ही बघ रे, तशीच काय?" दादा म्हणाले, "मी सांगणार नाही, डॉक्टरकडे जा. प्रश्न लिहून ने."